शहराच्या पश्चिम कडेचे प्राणी : प्रकल्पाच्या नोंदी, ऑगस्ट २०२३ ते फेब्रुवारी २०२४

५ ऑगस्ट २०२३, शनिवार

गेल्या वर्षी याच तारखेला जाधवनगरात बिबट्या दिसला आणि एका बांधकाम मजुरावर त्याने हल्ला केला. पुढे तो गोल्फ कोर्सच्या झाडीत असल्याचे लक्षात आले आणि त्यानंतर जवळजवळ महिनाभर बेळगावच्या पश्चिम भागात दुसरा विषय नव्हता. पिंजरे लावले, कॅमेरे बसवले, शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून दोन प्रशिक्षित हत्ती आणले, परिसरातल्या वीसहून अधिक शाळा बंद राहिल्या आणि एवढे सगळे होऊनही बिबट्या हाती लागला नाही. त्या महिन्यात आमच्या ओसरीवर बसून जेवढ्या लोकांनी बिबट्या पाहिल्याचे सांगितले, ते सारे खरे धरले तर हनुमाननगरापासून हिंडलग्यापर्यंत दर गल्लीला एक बिबट्या वाटून द्यावा लागला असता.

त्याच अनुभवातून आज हे काम सुरू केले. हिंडलगा, गणेशपूर, सह्याद्रीनगर, हनुमाननगर आणि कंग्राळी एवढ्या पट्ट्यात वन्यप्राणी दिसल्याची जी बातमी येईल ती वहीत उतरवायची, शक्यतो दुसऱ्या दिवसाच्या आत जागेवर जायचे आणि जे हाती लागेल ते मोजून, फोटो काढून ठेवायचे. प्राणी पकडणे, हुसकावणे किंवा वाचवणे हे आमचे काम नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते आमच्या हाती दिलेलेही नाही. तशी वेळ आली तर वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करून बाजूला उभे राहायचे, असे पहिल्याच बैठकीत ठरले.

मंडळी मोजकीच आहेत. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. दोन महाविद्यालयीन विद्यार्थिनी फोटो आणि नकाशा सांभाळतील. बेळगुंदीहून रोज पहाटे मोटरसायकलवर दुधाचे कॅन घेऊन येणारे दूधवाले काका आहेत, ज्यांच्याइतका हा रस्ता अंधारात कोणी पाहिलेला नाही. आणि जांबोटी-कणकुंबीच्या रानात उभे आयुष्य काढलेले, आता मुलाकडे गणेशपुरात राहणारे एक निवृत्त वनरक्षक आहेत, ज्यांना सगळेच वॉचरमामा म्हणतात.

नोंदीचा तक्ता मी काल रात्री आखला. तारीख, वेळ, ठिकाण, प्राण्याचे नाव, संख्या, सांगणाऱ्याचा फोन. नावाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा म्हणून तो मुद्दाम रुंद ठेवला आहे.

१३ ऑगस्ट, रविवार

पहिल्या आठवड्यातच नावाच्या रकान्याने आम्हाला कोड्यात टाकले. एका भाजीवाल्या मावशींनी ‘चित्ता’ सांगितला. चौकशी केली तेव्हा त्यांनी गेल्या वर्षीच्या कन्नड बातम्यांतला ‘चिरते’ हा शब्द मनात धरला होता असे कळले. कन्नडमध्ये चिरते म्हणजे बिबट्या. मराठीत चित्ता म्हणजे वेगळाच प्राणी, जो आपल्या देशातून नाहीसा झाला होता आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आणून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात सोडला गेला. आमच्याकडचा बिबट्याचा गोंधळ आणि टीव्हीवरचे कुनोचे चित्ते हे महिना-दीड महिन्याच्या अंतराने आल्यामुळे लोकांच्या डोक्यात दोन्ही एकच झाले आहेत. एकाने तर ‘सरकारनं सोडलेलाच आलाय की इकडं’ असे खात्रीने सांगितले.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. खेड्यातली जुनी माणसे बिबट्याला वाघरू म्हणतात किंवा सरळ वाघच म्हणतात, आणि पट्ट्यांचा वाघ वेगळा दाखवायचा असेल तर ढाण्या हा शब्द जोडतात. गव्याला शिकलेले लोक बायसन म्हणतात, कन्नड शेजारी काडुकोण म्हणतात आणि आमचे दूधवाले काका गवेरेडा म्हणतात. कन्नडमधला ‘नरी’ कोल्ह्यालाही चालतो आणि खोकडालाही. तरसाला कन्नडमध्ये ‘कत्तेकिरुब’ म्हणतात, तो शब्द ऐकून आमच्यापैकी एका मुलीने वहीत ‘गाढव?’ असे लिहिले, कारण कत्ते म्हणजे गाढव एवढेच कन्नड तिला येत होते. सीमाभागात राहून तीन भाषांत व्यवहार करण्याचा आम्हाला अभिमान असतो. पण रात्री साडेदहाला घाबरलेला माणूस कोणत्या भाषेतले नाव उचलेल याचा नेम नाही.

१७ ऑगस्ट, गुरुवार

यंदा ऑगस्टमध्ये पावसाने अशी ओढ दिली आहे की ठसा उमटायला चिखल शोधावा लागतो. आज सकाळी आठवीत शिकणारा गल्लीतलाच एक मुलगा धावत आला आणि ‘सर, बिबट्याचा पाय सापडलाय ओ’ म्हणून सांगू लागला. एका नव्या बांधकामाशेजारी पाण्याचा टँकर उभा राहतो, त्याच्या गळक्या नळाखाली हातभर जागा ओली होती आणि त्या ओलीच्या मधोमध एकच ठसा होता. आम्ही पोहोचेपर्यंत भोवती पंचवीस-तीस माणसे जमली होती. ठसा शाबूत राहिला तो त्या मुलाने त्यावर घमेले पालथे घालून ठेवले होते म्हणून. हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

रुंदी साडेआठ सेंटिमीटर भरली. आकार ऐकूनच गर्दीने निकाल देऊन टाकला, कारण बिबट्याचा ठसा साधारण सात ते नऊ सेंटिमीटर असतो हे गेल्या वर्षी सगळ्यांनी मोबाईलवर वाचलेले आहे. वॉचरमामा मात्र उकिडवे बसले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी एक काडी घेऊन ठशाला न टेकवता त्याच्या वरून फिरवत मुलाला एकेक गोष्ट दाखवली. चारही बोटांच्या पुढे नखांची टोके उमटली होती. मधली दोन बोटे अगदी सारख्या रेषेत होती. तळव्याची गादी त्रिकोणी होती आणि एकूण ठसा रुंदीपेक्षा लांबीला जास्त होता. मांजराच्या कुळात चालताना नखे आत असतात, चार बोटांतले एक बोट किंचित पुढे असते आणि गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे उमटतात. यांपैकी इथे काहीच नव्हते.

‘म्हणजे नख दिसलं की कुत्रं,’ असे मुलगा म्हणाला, तेव्हा मामांनी त्याला तिथेच अडवले. ‘तसं नव्हे बाळा. निसरड्यावर पाय सरकला की वाघरूबी नख काढतंय. एका खुणेवर जायाचं नाही, चारी बघायच्या.’ मला हे वाक्य वर्गात तीस वर्षे शिकवलेल्या निरीक्षणाच्या धड्यापेक्षा सरस वाटले, म्हणून जसेच्या तसे लिहिले आहे.

ठशाचा साचा घेतला. पुठ्ठ्याची पट्टी गोल वाकवून ठशाभोवती रोवली, दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी घालून दह्यासारखे पातळ केले आणि थेट ठशावर न ओतता कडेने सोडले, म्हणजे बोटांच्या कडा ढासळत नाहीत. अर्ध्या तासाने साचा उचलला. तोवर गर्दीतल्या एका गृहस्थांनी थोड्या संकोचाने पुढे येऊन सांगितले की त्यांच्या घरी ग्रेट डेन जातीचा कुत्रा आहे आणि तो काल संध्याकाळी साखळी सोडवून पळाला होता. लोकांच्या चेहऱ्यावर सुटकेपेक्षा निराशाच जास्त दिसली. मुलगा तर रडवेला झाला होता. साचा त्यालाच देऊन टाकला.

२० ऑगस्ट, रविवार

तक्ता बदलला. ‘प्राण्याचे नाव’ हा रकाना काढून त्या जागी ‘काय दिसले’ असा रकाना घातला आहे. त्यात उंची (गुडघ्याइतकी, कमरेइतकी), रंग, शेपूट, चाल, किती वेळ दिसले, किती लांबून, उजेड कशाचा होता, एवढेच लिहायचे. नावासाठी पानाच्या अगदी खाली एक छोटी चौकट ठेवली असून ती जागा पाहून आल्यानंतर, आणि तीही पेन्सिलीने, भरायची. तक्ता मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत छापून घेतला.

विद्यार्थिनींपैकी एकीने आक्षेप घेतला की नाव न विचारल्यास लोकांना आपला अपमान झाल्यासारखे वाटेल. तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. आजच एका सद्गृहस्थांनी ‘मी काय आंधळा आहे काय ओ?’ असे विचारून फोन ठेवला. पण त्याच तक्त्यावर दूधवाल्या काकांनी सांगितलेली नोंद अशी आली : ‘पहाटे पावणेपाच, वेंगुर्ला रस्ता, गाडीच्या दिव्यात, कुत्र्यापेक्षा बारीक, तोंड निमुळते, शेपूट झुबकेदार व टोकाला काळी, रस्ता ओलांडताना थांबून मागे बघितले, मागून दुसरे आले.’ ही कोल्ह्याची जोडी असणार हे वाचणाऱ्याला आपोआप कळते. नुसते ‘कोल्हा’ लिहिले असते तर दुसरे मागून आले हे वहीत आलेच नसते.

३० सप्टेंबर, शनिवार

गणपतीच्या काळात एकही नोंद आली नाही. परवा रात्री सुरू झालेली विसर्जन मिरवणूक काल दिवस उजाडल्यावरही चालूच होती. सगळे शहर रात्रभर रस्त्यावर असूनही कोणाला काही दिसले नाही, किंवा दिसायला सवड झाली नाही. ही गोष्ट मी केवळ गंमत म्हणून लिहीत नाही. वहीतल्या कोऱ्या पानांचा अर्थ प्राणी नव्हते असा नसून बघणारे नव्हते असाही असू शकतो, हे वर्षाअखेरीस बेरीज करताना लक्षात ठेवावे लागेल.

८ ऑक्टोबर, रविवार

बेळगुंदीच्या बाजूला उसाच्या फडाशेजारी एक गवा उभा असल्याचा निरोप सकाळी साडेसातला आला. या वेळी नावाबद्दल शंका नव्हती. आम्ही गेलो तेव्हा तो बांधापासून दीडशे पावलांवर, मान खाली घालून, पोसवलेल्या भातात उभा होता. गुडघ्यापासून खाली पांढरे पाय, पाठीवर उंच वशिंडासारखा कणा आणि एकटाच. नर गव्याचे वजन टनाच्या घरात जाते हे वाचून माहीत असते, पण त्याने नुसता श्वास सोडला तेव्हा ओंब्या हलल्या, ते पाहिल्यावर त्या आकड्याचा अर्थ कळला.

माणसे झपाट्याने जमत होती. पोरे बांधावर चढून व्हिडिओ काढू लागली, एकाने तर फटाका आणायला धाडले. अशा वेळी काय होते याचे उदाहरण फार दूरचे नाही. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला, लोक मागे लागले, तो तासन्‌तास बंगल्यांच्या भिंतींमध्ये धावत राहिला आणि पकडल्यावर मेला. एवढा मोठा प्राणी सतत धावत आणि घाबरत राहिला की त्याच्या अंगातली उष्णता वाढत जाते, स्नायू निकामी होऊ लागतात, आणि भुलीच्या औषधाने तो खाली पडला तरी आतली मोडतोड थांबत नाही. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आतच बावधनला दुसरा गवा आला. त्या वेळी गर्दी लांब ठेवली गेली आणि तो आपल्या पायांनी जंगलाकडे परत गेला. गवे दोन्ही वेळी सारखेच होते, फरक माणसांच्या अंतराचा होता.

हे सगळे बांधावर उभे राहून सांगण्यात अर्थ नव्हता. शेताच्या मालकांनीच मार्ग काढला. त्यांनी मोठ्याने हाक देऊन सांगितले की भात माझे आहे, नुकसान माझे आहे, आणि माझ्या बांधावर जो उभा राहील त्याचे नाव मी पंचांना सांगेन. लोक पन्नास पावले मागे सरकले. राकसकोपकडची बाजू मुद्दाम मोकळी ठेवली. वनखात्याची माणसे आली, त्यांनीही फक्त रस्ता अडवला. दुपारी सव्वाबाराला गवा स्वतःहून वळला, उसाच्या कडेने गेला आणि टेकडीच्या झुडपांत दिसेनासा झाला. पावणेपाच तास. मालकांचे सुमारे दोन गुंठे भात आडवे झाले. वनखात्याच्या लोकांनी त्यांना पंचनाम्यासाठी फोटो आणि उतारा जवळ ठेवायला सांगितले, म्हणून आमच्या मुलींनी लगेच नुकसानीचे फोटो काढून त्यांच्या मोबाईलवर पाठवले.

तक्त्यातल्या ‘किती वेळ दिसले’ या रकान्यात आजवरचा सर्वांत मोठा आकडा हाच आहे.

९ नोव्हेंबर, गुरुवार

आज वसुबारस, जिला वाघबारसही म्हणतात. वॉचरमामांच्या सासूबाई नव्वदीच्या आहेत. त्यांच्या माहेरी या दिवशी रानाच्या वेशीवरच्या दगडाला शेंदूर लावून वाघाला दुधाचा नैवेद्य दाखवत आणि गुरे राखणारी पोरे तिथेच जेवत. वाघाचे नाव घ्यायचे नाही, ‘म्हातारा’ किंवा ‘तो’ म्हणायचे, असा दंडक होता. आमच्या तक्त्यातही नाव शेवटी येते हे ऐकून त्या हसल्या आणि ‘मग बरं हाय’ म्हणाल्या.

२६ नोव्हेंबर, रविवार

सुगी उरकत आली. या पंधरवड्यात आलेल्या नोंदी बहुतेक सापांच्या आहेत, कारण कापणीनंतर उंदीर खळ्यांकडे आणि पिंजराच्या गंज्यांकडे येतात आणि त्यांच्या मागून साप. धामण सर्वांत जास्त, तिच्या खालोखाल नाग, आणि घोणस एकच. पण ती एक घोणस कुकरच्या शिट्टीसारखी इतकी मोठ्याने फुत्कारत होती की शेजारच्या वहिनी आपल्या चुलीवर काही राहिले म्हणून घरात धावल्या. सर्पमित्राने येऊन तिला नेले. वहीत एकाच गोष्टीची भर घातली आहे : दंश झाल्यास आवळून बांधायचे नाही, कापायचे नाही, हात-पाय हलू न देता सरळ दवाखाना गाठायचा. हे मी प्रत्येक तक्त्याच्या मागे छापून घेणार आहे.

१७ डिसेंबर, रविवार

मार्कंडेय नदीच्या काठी, कंग्राळीच्या खालच्या अंगाला एका शेतकऱ्याने आपल्या बांधावर कॅमेरा लावायला परवानगी दिली. वनखात्याच्या कार्यालयातही तसे लेखी कळवले. हा कॅमेरा हालचाल आणि उष्णता दोन्ही जाणवली की आपोआप फोटो घेतो आणि रात्री न दिसणाऱ्या लाल उजेडात काम करतो. बारा रात्रींनी चिप काढली. पहिल्या दोन रात्री फक्त हलणारे गवत निघाले, कारण मी तो वाऱ्याच्या तोंडाला बांधला होता. तिसऱ्या रात्रीपासून मुलींनी जागा बदलली.

कुत्री किती वेळा आली हे मोजणे आम्ही सोडून दिले. त्यांच्याखेरीज मुंगूस, एक साळिंदर, कोल्हे आणि एका रात्री २ वाजून १४ मिनिटांनी जवादी मांजर. या शेवटच्या पाहुण्याचे एकामागून एक सहा फोटो आहेत. पहिल्यात बांधाच्या नळीतून नुसते तोंड बाहेर आहे. दुसऱ्यात ते नाक वर करून वास घेत आहे. तिसऱ्यात पूर्ण अंग दिसते : लांबुडके, आखूड पायांचे, पाठीवर रेघा आणि कुशीवर ओळीने ठिपके, शेपटीला काळी-पांढरी कडी. चौथ्या फोटोत त्याने खेकडा धरला आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला ‘बिबट्याचे पिल्लू, अंगावर ठिपके, गटारात शिरले’ अशी नोंद कंग्राळीतूनच आली होती आणि तेव्हा आम्ही तिला मनातून हसलो होतो. सांगणाऱ्याने जे पाहिले ते अगदी बरोबर पाहिले होते, फक्त नाव त्याला एकच ठाऊक होते. मी त्यांच्या घरी जाऊन फोटो दाखवला. त्यांनी तो आईला दाखवला, आईने शेजारणीला.

पण मला या बारा रात्रींतला सर्वांत अस्वस्थ करणारा फोटो प्राण्याचा वाटला नाही. २ वाजून ४० मिनिटांनी शेतमालक खांद्यावर खोरे आणि हातात मोबाईलचा दिवा घेऊन मोटर चालू करायला जाताना दिसतात, आणि पंधरा मिनिटांनी त्याच पायवाटेवरून कोल्हे जातात. पंपाला लागणारी थ्री-फेज वीज रात्रीच्या पाळीत मिळाली की शेतकऱ्याला रात्रीच जावे लागते. शहरातला माणूस जनावराला भेटतो तो अपघाताने. हा माणूस पाळी असली की रोज त्याच वाटेवर, त्याच वेळी असतो आणि कधी खाली वाकलेलाही असतो, जेव्हा माणूस चार पायांच्या भक्ष्यासारखा बुटका दिसतो. त्यांना आम्ही दोन गोष्टी सुचवल्या : काठीला घुंगरू बांधावे आणि जाताना मोबाईलवर गाणी लावावीत. ‘गाणी कशाला, मी मोठ्यानं अभंग म्हणत जातोय की,’ असे ते म्हणाले. तेही चालेल.

७ जानेवारी २०२४, रविवार

आजची नोंद अपुरी आहे आणि ती तशीच राहणार आहे. वॉचरमामांना एका टेकाडावर वाटेच्या कडेला विष्ठा दिसली. सुमारे हाताच्या अंगठ्याएवढी जाड, तुकड्या-तुकड्यांची, एका टोकाला निमुळती, आणि तिच्याजवळ मागच्या पायांनी जमीन खरवडल्याची वीतभर खूण. त्यांनी काडीने ती उकलली तेव्हा आत केसांचा गोळा आणि हाडांचे तुकडे निघाले. केस पिवळट, राठ, आखूड. ‘कुत्र्याचे,’ मामा म्हणाले. बिबट्याच्या विष्ठेत कुत्र्याचे केस सापडणे यात नवल नाही. अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विष्ठा तपासल्या तेव्हा तिथल्या बिबट्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचाच निघाला होता.

ठिकाण या वहीत लिहिलेले नाही. ते वेगळ्या कागदावर लिहून वनखात्याला दिले आहे. विद्यार्थिनींना हे पटले नाही, कारण नोंद उघडी असावी असे मीच त्यांना पाच महिने सांगत आलो. पण ठिकाण लिहिले की संध्याकाळपर्यंत टेकाडावर शंभर माणसे आणि शंभर मोबाईल जातील, आणि उद्या कोणाला इजा झाली तर ती आमच्या वहीमुळे झालेली असेल. गेल्या ऑगस्टपासूनच्या सगळ्या नोंदींपैकी पेन्सिलीने का होईना बिबट्याचे नाव भरावे असे वाटलेली ही पहिलीच. ती कोणी ‘बिबट्या दिसला’ म्हणून सांगितलेलीच नव्हती.

१४ जानेवारी, रविवार

बातमी तरी फुटलीच. काल कॉलनीच्या मंडपात बैठक झाली आणि पिंजरा लावा अशी एकमुखी मागणी आली. एका ज्येष्ठांनी मला सरळ विचारले, ‘तुम्ही वही लिहिणार आणि आम्ही पोरं घरात कोंडायची, असं किती दिवस चालायचं ओ?’ प्रश्न रास्त होता आणि मी तो टाळला नाही.

बिबट्याला पकडायचे तर कायद्याच्या अकराव्या कलमाखाली राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि ती माणसाच्या जिवाला धोका ठरल्यावर मिळते, विष्ठा सापडल्यावर नाही. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात अनेक बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले, आणि पुढे अभ्यासात असे दिसले की त्याच काळात माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या घराकडे वाट काढू लागतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येतो. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका म्हाताऱ्या बिबट्याच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. अभ्यासकांनी त्याचे नाव आजोबा ठेवले होते. हे सांगितल्यावर मंडपात थोडे हसू आले आणि तापलेले वातावरण जरा निवळले.

मग बोलणे हळूहळू कुत्र्यांवर आले. वस्तीच्या मागच्या नाल्यात रोज रात्री कोंबड्यांची पिसे आणि आतडी पोत्याने येऊन पडतात. कोण टाकते हे सर्वांना ठाऊक आहे, नावे घेऊन उपयोग नाही. त्या पोत्यांवर कुत्री जगतात आणि कुत्र्यांवर कोण येते ते विष्ठेतल्या केसांनी सांगितले आहे. दोन तास वाद झाल्यावर तीन गोष्टी ठरल्या. दुकानदारांशी बोलून कचऱ्याची गाडी रात्री आठलाच बोलवायची, नाल्याच्या बाजूचे रिकाम्या प्लॉटवरचे गवत वर्गणी काढून कापायचे, आणि शिकवणीहून येणाऱ्या मुलांना पाच-सहाच्या गटाने आणायचे. पिंजऱ्याचा अर्जही द्यायचा असे ठरले. अर्ज मीच लिहून दिला, कारण तो त्यांचा अधिकार आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

कचऱ्याची गाडी नऊ दिवस वेळेवर आली, मग दोन दिवस आली नाही, आता पुन्हा येते. गवत कापून झाले. टेकाडावर नवीन काही नाही.

आज दुपारी ऑगस्टमधला तो मुलगा आला. या वेळी धावत आला नाही. त्याच्या हातात घडी घातलेला तक्ता होता आणि तो त्याने स्वतःच भरला होता : ‘पाण्याच्या टाकीजवळ, ओल्या मातीत, ठसे तीन. बोटे चार, नखे नाहीत, एक बोट पुढे. गादीला मागे तीन उंचवटे. रुंदी साडेचार सें.मी. (पट्टीने मोजली, दोनदा). घमेले झाकून आलो आहे.’

आम्ही तिघे जाऊन पाहून आलो. वॉचरमामांनी काडी फिरवून पाहिली आणि मान हलवली. घरच्या मांजरापेक्षा ठसा मोठा, रानमांजराला साजेसा, पण गल्लीतला एखादा थोराड बोकाही तेवढा असू शकतो. मुलाने त्या ठशांशेजारी आपला प्लास्टरचा साचा आणून ठेवला होता, दोन्ही एकाच फोटोत यावेत म्हणून.

मी पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि खालच्या चौकटीत नाव लिही म्हणालो. त्याने थोडा वेळ विचार केला आणि पेन्सिल परत दिली.

‘अजून एकदा येऊ दे की ओ सर. मग लिहितो.’